क्योतोच्या तांदळावरची बुरशी

रात्रीची जेवणे आटोपली, आवराआवर झाली की आपल्यापैकी पुष्कळ घरांत एक लहानसा विधी चालतो. फ्रिजवरचा औषधांचा डबा खाली येतो, चष्म्याची शोधाशोध होते आणि चंदेरी पाकिटातून एक बारीकशी गोळी टचकन हातावर पडते. कसली म्हणून विचारावे तर उत्तर ठरलेले : "कोलेस्टेरॉलची." रक्तदाबाची एक, मधुमेहाच्या दोन आणि ही एक. यापलीकडे तिची चौकशी कोणी करीत नाही. पाकिटावरचे नाव वाचलेच तर ते ॲटोर्व्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन असे काहीतरी जिभेला न वळणारे असते. नावे निरनिराळी, पण शेवटचे "स्टॅटिन" मात्र सगळ्यांना सारखे, एखाद्या घराण्याच्या आडनावासारखे.

या घराण्याचा मूळ पुरुष जपानात सापडला. क्योतो शहरातल्या एका धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावर निळसर-हिरवी बुरशी आलेली होती, तिच्यात. घरात तांदळाला बुरशी दिसली तर आपण नाक मुरडून तो टाकून देऊ. टोकियोतल्या एका गृहस्थाने ती जपून ठेवली, वाढवली आणि तिच्यातून औषध काढले. त्यांचे नाव आकिरा एन्दो. ५ जून २०२४ रोजी, वयाची ९० वर्षे पूर्ण झालेली असताना, त्यांचे निधन झाले. रोज रात्री ती गोळी घेणाऱ्या आपल्यापैकी किती घरांत ती बातमी पोचली असेल, कोण जाणे.

एन्दो यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९३३ चा, उत्तर जपानातल्या आकिता प्रांतात, शेतकऱ्याच्या घरी. आकिता म्हणजे बर्फाचा आणि भाताचा मुलूख. आपल्याकडे पावसाळ्यात रानात अळंबी उगवतात आणि त्यातली खायची कोणती, विषारी कोणती हे घरातली जुनी माणसे बरोबर ओळखतात, तसेच तिथेही. त्या भागात एक अळंबी अशी होती की तिने माश्या मरतात, पण माणसाला काही होत नाही. मुलाच्या डोक्यात हे पक्के बसले. एकाला मारक आणि दुसऱ्याला निरुपद्रवी असे काहीतरी या बुरशीच्या जातीत असते! पुढे पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगची गोष्ट वाचल्यावर तर दिशाच ठरली. तोहोकू विद्यापीठात शेतकीचे शिक्षण पुरे करून १९५७ मध्ये ते टोकियोच्या सांक्यो या औषध कंपनीत लागले.

या कंपनीलाही बुरशी नवी नव्हती. तिचे पहिले अध्यक्ष जोकिची ताकामिने यांनी जपानी मद्य आणि सोयाबीनचे पदार्थ आंबवण्याच्या "कोजी" बुरशीतून पचनाचे औषध काढले होते आणि पुढे ॲड्रिनॅलिन शुद्ध रूपात वेगळे केले होते. एन्दो यांना आरंभी मिळालेले काम त्या मानाने साधे होते. फळांच्या रसातला गढूळपणा घालवणारे एन्झाइम बुरशीतून शोधायचे. ते त्यांनी शोधले, कंपनीला त्याचा पैसाही झाला, आणि त्याच पुण्याईवर १९६६ साली त्यांना दोन वर्षे न्यूयॉर्कला जाऊन संशोधन करण्याची संधी मिळाली.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना दोन गोष्टींचे नवल वाटले. एक म्हणजे माणसांचे आकारमान आणि त्यांच्या ताटातले मांसाचे तुकडे. दुसरी म्हणजे घराजवळून हृदयविकाराचे रुग्ण घेऊन धावणाऱ्या ॲम्ब्युलन्स गाड्या. रक्तातले कोलेस्टेरॉल वाढले की हृदयाच्या रक्तवाहिन्यांत थर साचतात, हे तोवर बरेचसे ठरत आले होते. पण ते कमी करणारे चांगले औषध नव्हते. एक औषध निघाले होते, ट्रायपॅरानॉल नावाचे. त्याने लोकांना मोतीबिंदू होऊ लागले म्हणून १९६२ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले. तेव्हापासून कोलेस्टेरॉलच्या वाटेला जायचे म्हटले की कंपन्या कचरत.

इथे थोडे शरीराचे गणित सांगायला हवे. "मी तर तूप सोडले, अंड्याला हात लावत नाही, तरी माझे कोलेस्टेरॉल कसे वाढले?" अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. तक्रार करणारा खोटे बोलत नसतो. शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल आपण खात नाही, ते शरीर स्वतः तयार करते आणि त्या कामात यकृताचा वाटा मोठा असतो. कोलेस्टेरॉल तयार होण्याची ही क्रिया पुष्कळ पायऱ्यांची आहे. तिच्या सुरुवातीच्या एका पायरीवर एक एन्झाइम पहारेकऱ्यासारखे बसलेले असते. ते जितके चालेल तितका माल पुढे जातो. ते अडवले तर यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडते आणि मग ते रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेऊ लागते. रक्तातून ओढून घेण्याची ही यंत्रणा अमेरिकेतल्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी उलगडली आणि त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एन्दो यांचा तर्क असा की, बुरशी आणि जिवाणू एकमेकांशी सतत झगडत असतात. ज्या जिवांना जगायला कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ लागतात त्यांना मारायचे, तर हे एन्झाइम बंद पाडणारे विष एखाद्या बुरशीने आपल्या संरक्षणासाठी तयार केलेले असणार. तर्क चांगला होता, पुरावा काहीही नव्हता. एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी थोड्या सहकाऱ्यांना घेऊन शोध सुरू केला. एकेक बुरशी वाढवायची, तिचा अर्क काढायचा, उंदराच्या यकृताच्या अर्कात मिसळायचा आणि कोलेस्टेरॉल तयार होणे थांबते का ते पाहायचे. थांबले नाही तर ती टाकून पुढची घ्यायची. असे दोन वर्षांत सहा हजार नमुने झाले. मध्येच एक पदार्थ सापडला, पण तो मूत्रपिंडाला घातक निघाला. १९७२ च्या उन्हाळ्यात क्योतोच्या तांदळावरच्या "पेनिसिलियम सिट्रिनम" या बुरशीने दाद दिली. तिच्यातला गुणकारी पदार्थ जुलै १९७३ मध्ये शुद्ध रूपात हाती आला. त्याला नाव मिळाले एमएल-२३६बी. पुढे तो कॉम्पॅक्टिन म्हणून ओळखला गेला. इंग्लंडमधल्या बीचम कंपनीच्या संशोधकांनाही हाच पदार्थ दुसऱ्या बुरशीत स्वतंत्रपणे सापडला होता. त्यांनी त्याच्याकडे बुरशीनाशक म्हणून पाहिले.

आता गोष्ट संपली असे वाटेल. खरी गोष्ट इथून पुढेच आहे, कारण हे औषध त्यानंतर किमान तीनदा मरता मरता वाचले.

पहिल्यांदा उंदरांनी दगा दिला. १९७४ च्या आरंभी औषध उंदरांना दिले, तर त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल जागचे हलेना. कंपनीच्या दृष्टीने प्रकरण मिटल्यासारखे झाले. एन्दो मात्र ऐकेनात. कारण नंतर उमगले : उंदराचे यकृत मोठे वस्ताद, एन्झाइम अडले असे दिसताच तेच एन्झाइम कितीतरी पटींनी जास्त बनवून ते मोकळे होते. १९७६ च्या जानेवारीत एका संध्याकाळी काम संपवून प्रयोगशाळेजवळच्या एका गुत्त्यात बसले असता एन्दो यांना नोरितोशी कितानो हे सहकारी भेटले. कितानो यांच्याकडे दुसऱ्या प्रयोगासाठी आणलेल्या अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. एन्दो यांच्या मनात आले की अंड्यात इतके कोलेस्टेरॉल, म्हणजे ते घालणाऱ्या कोंबडीच्या रक्तातही पुष्कळ असणार! कोंबड्यांच्या खाण्यात औषध मिसळले आणि काही आठवड्यांत त्यांचे कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले. मग कुत्री झाली, माकडे झाली, सगळीकडे उतार. मोठमोठ्या योजना सभागृहात आखल्या जातात असे आपण समजतो, पण पेल्यांच्या संगतीत निघालेली ही कोंबड्यांची गोष्ट नसती तर पुढचे काहीच झाले नसते.

दुसऱ्यांदा, १९७७ मध्ये, भरमसाट मात्रा दिलेल्या उंदरांच्या यकृतात सूक्ष्म खडे दिसल्याचा बोभाटा झाला आणि काम पुन्हा थंडावले. याच सुमारास ओसाका विद्यापीठातले डॉक्टर आकिरा यामामोतो एका अठरा वर्षांच्या मुलीवर उपचार करीत होते. तिचा आजार आनुवंशिक होता. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून दोष आलेला, त्यामुळे रक्तातले कोलेस्टेरॉल नेहमीच्या कितीतरी पट. अशी मुले ऐन तारुण्यात हृदयविकाराने जात. यामामोतो यांनी एन्दो यांच्याकडे औषध मागितले आणि फारसा गाजावाजा न करता फेब्रुवारी १९७८ मध्ये ते तिला सुरू केले. कोलेस्टेरॉल उतरले, पण मुलीचे स्नायू दुखू लागले, अंगातले बळ गेले. औषध थांबवताच त्रास गेला. मग कमी मात्रेत पुन्हा दिले. त्या मुलीखेरीज यामामोतो यांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या इतर रुग्णांनाही औषध दिले आणि त्यांचे कोलेस्टेरॉल सुमारे तीस टक्क्यांनी खाली आले. आज डॉक्टर ही गोळी लिहून देताना "पायबिय दुखतात का?" असे विचारतात, त्या प्रश्नाची सुरुवात ओसाकाच्या त्या मुलीपाशी आहे.

तिसरा आघात सगळ्यांत मोठा. १९८० च्या ऑगस्टमध्ये कंपनीने कॉम्पॅक्टिनच्या चाचण्या अचानक बंद केल्या. दीर्घकाळ औषध दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यांत गाठी आल्याची कुजबुज बाहेर पसरली. त्या कुत्र्यांना दिलेली मात्रा माणसाच्या मात्रेच्या कितीतरी पट होती, असे एन्दो यांचे म्हणणे होते. पण ते आता कंपनीत नव्हते. १९७८ च्या अखेरीस नोकरी सोडून ते टोकियोच्या कृषी व तंत्रविद्या विद्यापीठात गेले होते.

विद्यापीठात गेले तरी बुरशीचा नाद सुटला नाही. १९७९ मध्ये त्यांनी तांबड्या कोजीच्या जातीतल्या एका बुरशीतून कॉम्पॅक्टिनचाच भाऊ शोभेल असा दुसरा पदार्थ काढला आणि त्याला मोनाकोलिन-के असे नाव दिले. इकडे अमेरिकेतल्या मर्क कंपनीने १९७६ मध्ये सांक्योकडून कॉम्पॅक्टिनचे नमुने आणि माहिती घेतली होती. मर्कलाही १९७८ च्या नोव्हेंबरात एका वेगळ्या बुरशीत एक पदार्थ मिळाला, लोव्हास्टॅटिन. दोन्ही पदार्थ ताडून पाहिले तर एकच! पेटंटचा हक्क काही देशांत यांना आणि अमेरिकेत त्यांना, अशी वाटणी झाली. कुत्र्यांची बातमी ऐकून मर्कनेही काम थांबवले होते, पण डॉक्टरांच्या आग्रहावरून १९८४ मध्ये पुन्हा हाती घेतले. १ सप्टेंबर १९८७ रोजी लोव्हास्टॅटिनला अमेरिकन सरकारची परवानगी मिळाली आणि जगातले पहिले स्टॅटिन दुकानात आले. जपानची पाळी दोन वर्षांनी. १९८९ मध्ये सांक्योने कॉम्पॅक्टिनपासूनच तयार केलेले प्राव्हास्टॅटिन बाजारात आणले. मूळ कॉम्पॅक्टिन मात्र कधीच विकले गेले नाही.

औषधाने रक्तातला आकडा उतरतो हे ठीक, पण माणूस वाचतो का? याचे पहिले ठसठशीत उत्तर १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातून आले. हृदयविकार आधीच झालेले ४,४४४ रुग्ण घेतले. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात बिनऔषधी गटात २५६ माणसे गेली, औषधाच्या गटात १८२. जपानातही पुढे मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना हृदयविकार झालेला नव्हता पण कोलेस्टेरॉल वाढलेले होते अशा जवळजवळ आठ हजार लोकांचे दोन गट केले. नुसते पथ्य करणाऱ्या गटात १०१ जणांना हृदयविकाराने गाठले, पथ्याबरोबर थोडे प्राव्हास्टॅटिन घेणाऱ्या गटात ६६ जणांना. हे आकडे मुद्दाम सांगतो. एकदा झटका येऊन गेलेल्याला या गोळीचा फायदा मोठा. ज्याचा नुसता रिपोर्ट थोडा वर गेला आहे त्याला फायदा आहे, पण लहान. म्हणून शेजारच्या काकांना दिली तर मला का नाही, किंवा त्यांनी सोडली तर मी का घेऊ, या दोन्ही प्रश्नांना अर्थ नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. भारतीय उपखंडातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बावन्न देशांच्या पाहणीत दिसून आले. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते चालू असताना! तेव्हा आपल्या डॉक्टरांनी ही गोळी लवकर सुचवली तर तो त्यांचा उतावळेपणा असतोच असे नाही.

जपानात राहणाऱ्या मंडळींना मात्र एक निराळाच अनुभव येतो. मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी इथे दाखवली की त्यावरची मात्रा पाहून जपानी डॉक्टरांच्या भुवया वर जातात. रोझुव्हास्टॅटिन हे औषध मुळात ओसाकाच्या शिओनोगी कंपनीत जन्मलेले. जपानात ते सहसा २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. आपल्याकडे १० किंवा २० हे आकडे रोजचे आहेत. यात कोणी एक चुकतो आहे असे नव्हे. आशियाई लोकांच्या रक्तात या औषधाचे प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त चढते, म्हणून अमेरिकेतही आशियाई रुग्णाला ५ मिलिग्रॅमने सुरुवात करावी असे औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. उलट झटका येऊन गेलेल्याला मुद्दाम मोठी मात्रा देतात. आपण स्वतः गोळीचे दोन तुकडे करून हा वाद मिटवू नये. जुने कागद दाखवावेत, आणि औषधाच्या दुकानात "ओकुसुरी तेच्यो" म्हणून जी छोटी वही मिळते तिच्यात गावाकडून आणलेल्या गोळ्यांची मूळ नावेही लिहून घ्यावीत. भारतातले व्यापारी नाव इथल्या औषधविक्रेत्याला काही बोध करीत नाही. गोळ्या बरोबर आणायच्या तर महिनाभराच्या आणता येतात, त्याहून अधिक हव्या तर आधी परवानगी काढावी लागते. इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी, ती दिलेला दिवस धरून, चारच दिवस चालते हेही नव्याने आलेल्यांना ठाऊक नसते.

गोळी रात्रीच का, असेही विचारतात. यकृताचा कोलेस्टेरॉलचा कारखाना रात्री जोरात चालतो आणि सिम्व्हास्टॅटिनसारख्या जुन्या गोळ्यांचा अंमल थोडेच तास टिकतो, म्हणून. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन सकाळी घेतल्या तरी चालतात.

स्नायू दुखण्याची भीती मात्र खरी आणि खोटी दोन्ही आहे. क्वचित स्नायू वितळल्यासारखे होतात, लघवी गडद तपकिरी होते. तसे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे धावावे. सेरिव्हास्टॅटिन हे या घराण्यातले एक औषध याच कारणाने २००१ मध्ये बाजारातून गेले. काही प्रतिजैविकांबरोबर हा धोका वाढतो, तेव्हा खोकल्या-तापासाठी नवे औषध घेतानाही या गोळीचा उल्लेख करावा. रक्तातली साखर किंचित वाढू शकते. गरोदरपणी ही गोळी सहसा बंद करतात. पण रोजच्या अंगदुखीचे काय? लंडनमध्ये, त्रासामुळे गोळी सोडून दिलेल्या साठ लोकांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने कोणतीच गोळी नाही, असे ठेवून पाहिले. २०२० मध्ये निकाल आला, तेव्हा खऱ्या गोळीने जितका त्रास झाला त्याच्या नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला होता. त्रास खोटा नव्हता, त्याचे कारण मात्र बहुतांशी गोळीत नव्हते. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी भिशीत ऐकून गोळी सोडली आणि आठ महिन्यांनी त्यांना अँजिओप्लास्टी करून घ्यावी लागली. सोडल्यामुळेच झाले असे कोण सांगणार? पण त्यांनी डॉक्टरांना विचारले नव्हते, एवढे खरे.

"नैसर्गिक आहे ना, मग अपाय कसला?" असे म्हणणाऱ्यांसाठी जपानात २०२४ मध्येच एक दुःखद प्रकार घडला. तांबड्या कोजीच्या गोळ्या कोलेस्टेरॉल उतरवतात म्हणून इथे चिठ्ठीशिवाय विकल्या जात. त्यातला गुण म्हणजे एन्दो यांचा मोनाकोलिन-के, म्हणजेच लोव्हास्टॅटिन. २२ मार्च २०२४ रोजी ओसाकाच्या कोबायाशी कंपनीने अशा गोळ्या परत मागवल्या, कारण त्या घेणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडू लागली होती. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तपासात त्या मालात प्युबेरुलिक ॲसिड आढळले, आणि ते आले होते कारखान्यात शिरलेल्या एका निळ्या बुरशीतून. एका निळसर बुरशीने औषध दिले, दुसरीने घात केला. पहिलीच्या मागे चौदा-पंधरा वर्षांच्या चाचण्या होत्या.

एन्दो यांना या साऱ्यातून काय मिळाले? पैशाच्या रूपाने काही नाही. पेटंट कंपनीच्या नावावर होते. मानसन्मान उशिरा आले : २००६ मध्ये जपान पारितोषिक, २००८ मध्ये अमेरिकेतले लास्कर पारितोषिक. नोबेल आले नाही. सांक्यो कंपनी पुढे दाईइची कंपनीत मिळाली, आणि या जोडकंपनीने २००८ मध्ये आपल्या रॅनबॅक्सीचा मोठा हिस्सा विकत घेतला. त्याच रॅनबॅक्सीने २०११ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत स्वस्त ॲटोर्व्हास्टॅटिन आणले. फिरत फिरत गोष्ट आपल्या दारापर्यंत आली म्हणायची.

स्वतः एन्दो यांचेही कोलेस्टेरॉल उतारवयात वाढले होते, असे सांगतात. तपासणाऱ्या डॉक्टरांना समोर कोण बसले आहे याची कल्पना नव्हती. काळजी करू नका, यावर फार चांगली औषधे निघाली आहेत, असा त्यांनी या वृद्ध गृहस्थांना धीर दिला.